तुझी पिवळी रेघ

विन्या, तुला मरायची एवढी काय घाई होती? माझं तुझ्याशी भांडण बाकी होतं. चार वर्षं मी ते राखून ठेवलं होतं, आणि तू एका मंगळवारी सकाळी, बडा गणपतीच्या त्या गल्लीत, आपल्याच वर्कशॉपच्या शटरसमोर पोह्यांची प्लेट हातात घेऊन खाली बसलास तो उठलाच नाहीस. वय सेहेचाळीस. डॉक्टर म्हणाले, हार्ट. मला फोन आला तेव्हा तोंडून 'अरेरे' निघालं नाही. 'पळाला साला' निघालं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, ते दचकलं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. का बोलू नये? तू जिवंत असताना माझ्याबद्दल जे बोललास ते अर्ध्या इंदूरने ऐकलंय. आता तुझ्या फोटोला हार घालून सगळे 'किती सज्जन, किती हसतमुख' करताहेत. हसतमुख तर तू होतासच. खोटं बोलायचं असेल तेव्हा जरा जास्तच.

पॉलिटेक्निकपासूनची आपली जोडी. नोकऱ्या दोघांनीही करून पाहिल्या, दोघांचंही साहेबांशी पटलं नाही, आणि मग तुझ्या काकांच्या रिकाम्या गोदामात आपण पिकअप गाड्या उचलायचं काम सुरू केलं. उचलायचं म्हणजे चोरायचं नव्हे, असं तू प्रत्येक नव्या माणसाला सांगायचास आणि स्वतःच हसायचास. शेतातून, नाल्यातून, डोंगरातून जाणाऱ्या गाड्या. त्यांचं सस्पेन्शन बदलून दोन-चार इंच उंच करायच्या, खाली मोठे टायर बसवायचे. इंदुरात तेव्हा हे काम नीट करणारं कोणी नव्हतं. सुरुवातीला आपणही नीट करत नव्हतो, पण शिकत होतो.

रेघ माझ्या आजोबांची. ते महूला फौजेच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होते. बोल्ट पूर्ण कसला की त्यावर रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटते आणि बघणाऱ्याला लगेच दिसतं. आजोबा म्हणायचे, रेघ म्हणजे कारागिराची सही. आपल्याकडे माझा रंग लाल, तुझा पिवळा. नियम एकच: ज्याने कसलं त्याचीच रेघ. हा नियम तूच भिंतीवर लिहिलास, तुझ्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. तो अजून तिथे आहे. परवा पाहिला तेव्हा मला त्यावर थुंकावंसं वाटलं.

भांडणं आपली रोजचीच होती. टायर आधी की लिफ्ट, म्हणजे उंची, आधी? मी म्हणायचो, गाडी कुठे जाणार ते आधी विचार, त्यावरून टायर ठरव, आणि तो टायर आत कुठे घासणार नाही एवढीच गाडी उचल. तू म्हणायचास, "अरे यार सुध्या, लोक टायर बघायला नाही येत, ऊंचाई बघायला येतात. राजवाड्यावरून गाडी निघाली की पब्लिकने मुंडी वर करून बघितली पाहिजे." तुला ते जाड ठोकळ्यांचे रुंद टायर आवडायचे. मी सांगून थकलो की आपली माळव्याची काळी माती म्हणजे डिंक, ठोकळ्यांच्या फटीत एकदा भरली की रुंद टायर नुसता जागच्या जागी फिरतो, त्यापेक्षा अरुंद आणि उंच टायर माती कापत खालच्या घट्ट जमिनीला भिडतो. तू मान डोलवायचास आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा ठोकळेवालेच दाखवायचास. उंटावरचा शहाणा! पण तो राग वेगळा होता. सकाळी भांडायचो आणि दुपारी एकाच पुड्यातली कचोरी खायचो. आज मला सगळ्यात जास्त त्या रागाचीच आठवण येतेय, आणि त्यामुळे तुझ्यावर आणखी चिडायला होतंय.

आता त्या दिवसाकडे येतो. तू टाळत आलास म्हणून मी टाळणार नाही.

गौतमपुऱ्याचे ठाकूर साहब. मोठी शेती, कमी बोलणं. त्यांची पिकअप चार इंच उचलायची होती, आणि त्यांची अट एकच होती: "आगे का काम सुधीर जी करेंगे. लाल लकीर चाहिए." तुला ती अट झोंबली, मला दिसलं होतं. काम चालू असताना आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं आणि मी महूला गेलो. जाताना तुला सांगितलं, पुढच्या आर्मचे बोल्ट नुसते अडकवून ठेव, उद्या येऊन मी कसतो. दुसऱ्या दिवशी आलो तर गाडी गेलेली. "त्यांना जल्दी होती, करून दिली," तू म्हणालास. मी विचारलं, गाडी खाली उतरवून कसलंस ना? "हो रे बाबा."

हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. हॉइस्टवर गाडी वर उचलली की चाकं खाली लोंबतात. चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मच्या टोकाला रबराची बुश असते. तसंच लोंबत ठेवून तिचा बोल्ट कसला, तर गाडी जमिनीवर आल्याबरोबर ते रबर पिळलं जातं, आणि मग प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. म्हणून गाडी आधी चाकांवर उभी करायची, हलवून बसू द्यायची, मग तिच्या पोटाखाली सरपटत जाऊन कसायचं. पाठ मोडते, तोंडावर माती पडते. तू पाठ वाचवलीस.

तीन महिन्यांत रबर फाटलं, बोल्ट सैल पडला, आणि देपालपूरच्या पुढे एक चाक आत वळून गाडी नाल्यात गेली. ठाकूर साहबांच्या मुलाच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडी ओढत आपल्याकडे आणली. ठाकूर साहब खाली वाकले, बघितलं, आणि विचारलं, "किसने कसा?"

तिथे लाल रेघ होती. तुटलेली, पण लाल. मी म्हणालो, मी नाही कसलं, मी तर महूला होतो. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. ठाकूर साहब, त्यांचा ड्रायव्हर, आपले कारागीर, शेजारचा पंक्चरवाला. आणि तू, माझ्याकडे न बघता, हॉइस्टच्या खांबाला हात टेकून म्हणालास, "लाल लकीर है, तो सुधीर ने ही कसा है."

एवढंच एक वाक्य. मला तिथल्या तिथे सगळं कळलं. ठाकूर साहबांना लाल दिसायला हवी होती, मी नव्हतो, तू माझ्या लाल रंगाची बाटली उचललीस आणि माझी सही मारलीस. एवढ्यावर थांबला असतास तरी मी समजून घेतलं असतं, शिव्या देऊन का होईना. पण मला तोंडावर पाडलंस. मी ती फाटलेली बुश उपटून खिशात घातली आणि बाहेर पडलो. मागून तू "सुध्या, ऐक तर" म्हणालास. मी ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं का? नाही. अजिबात नाही.

आणि त्यात सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? आईच्या डोळ्यांचा डॉक्टर तूच शोधून दिला होतास. ऑपरेशननंतर आठवडाभर, मी वर्कशॉप सांभाळत होतो तेव्हा, तू दुपारी महूला जाऊन तिच्या डोळ्यांत थेंब घालत होतास. माझी सही चोरून झाल्यावर, बरं का! थेंब घालताना तुझा हात थरथरला नसेल, तो कधीच थरथरायचा नाही. आई अजून विचारते, विनय का येत नाही रे. तू गेलास हे मी तिला सांगितलेलं नाही. ते कामही तू माझ्यावरच टाकून गेलास.

मी धार रोडवर माझं शेड टाकलं. कित्येक महिने कोणी फिरकलं नाही. "वो लाल लकीर वाला? उसकी गाड़ी तो नाले में गई थी भिया," हे मी चहाच्या टपरीवर माझ्या कानांनी ऐकलंय. बोलणाऱ्याला माहीत नव्हतं की तो लाल लकीरवाला शेजारीच बसून चहा पितोय. त्या दिवशी मी ठरवलं. तुझी एकेक गाडी मी माझ्याकडे ओढीन, आणि एक दिवस ठाकूर साहबांसमोर तुझ्याच तोंडून वदवीन की कोणी कसलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळला नव्हता.

आणि ओढल्या. पिवळ्या रेघेची गाडी नुसती हवा भरायला आली तरी मी तिला वर घ्यायचो, गिऱ्हाइकाला खाली उभं करायचो आणि टॉर्च मारून पिळलेलं रबर दाखवायचो. "देखो भिया, लटका के कसा है." तुझी रेघ पुसून माझी ओढायचो. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला दोन घास जास्त जायचे.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. तुला सांगतो, आता तू कोणाला सांगणार? गेल्या वर्षी एक गाडी आली, तुझी पिवळी रेघ असलेली. वर घेतली तर रबर सरळ, एक सुरकुती नाही. जमिनीवर उभी करून कसलेली, आजोबांनी कसावी तशी. मला इतका राग आला की मी ते सगळे बोल्ट सैल केले, परत कसले, लाल रेघा ओढल्या आणि त्या भल्या माणसाला म्हणालो, "बच गए आप." म्हणजे माझी लाल रेघ दोनदा खोटी पडली, एकदा तुझ्या हातून आणि एकदा माझ्या. ही दुसरी वेळही मी तुझ्याच माथी मारतो.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तू माझ्या शेडवर आलास. खांद्यावर टायर घेऊन. अरुंद, उंच, मी वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत होतो तोच. "सुध्या, हा काळ्या मातीत चालेल का रे?" तुला काय माहीत नव्हतं? मी गाडीखाली होतो. पान्हा खाली न ठेवता म्हणालो, "विचार तुझ्या लाल रेघवाल्याला." तुझे बूट थोडा वेळ तिथेच दिसत राहिले. मग "चल, येतो" म्हणालास आणि गेलास. टायर भिंतीला टेकवून ठेवला होतास. मला वाटलं विसरलास, म्हणून मी तो दुसऱ्या दिवशी परत पाठवून दिला.

इथल्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या दिवशी तुझा उठावना, म्हणजे शोकसभा, झाला, गल्लीच्या टोकाच्या धर्मशाळेत. मी गेलो. रडायला नाही गेलो. चार वर्षं माझ्या शेडच्या खिडकीत ठेवलेली ती फाटकी बुश रुमालात गुंडाळून खिशात घातली होती. लोक माइकवर दोन-दोन शब्द बोलतात ना, मीही बोलणार होतो. वाक्य पाठ केलं होतं. ठाकूर साहब पहिल्या रांगेत बसले होते, मला हवे तिथेच. तुझ्या फोटोसमोर, सीमावहिनींसमोर, सगळ्यांसमोर बुश काढून दाखवायची आणि सांगायचं, हे ह्याचं काम आहे, आणि नाव माझं लावलं. हो, वहिनींसमोर. लाज वाटत होती, पण थोडीच.

माझं नाव पुकारायच्या आधी ठाकूर साहब उठून माझ्या शेजारी येऊन बसले. हळूच म्हणाले, "सुधीर जी, आपसे तो विनय ने माफी माँग ली थी ना?"

मी म्हटलं, कसली माफी?

"उस लकीर की. दो साल पहले आया था हमारे यहाँ, दिवाली के दूसरे दिन, हिंगोट की आग वाली लड़ाई देखने. सबके सामने बोला, कसा मैंने था, लकीर सुधीर की मार दी. मेरे बेटे का कंधा पकड़ के रोया. हमसे बोला, सुधीर को आप मत बताना, मैं खुद बताऊँगा."

दोन वर्षं, विन्या! दोन वर्षं गौतमपुऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. ज्याचं नाव मातीत गेलं त्यालाच माहीत नव्हतं. तोंड नव्हतं तुला? फोन नव्हता? टायर खांद्यावर घेऊन आलास तेव्हा तेच बोलायला आला होतास ना? मग बोलायचं होतंस! मी शिव्या दिल्या असत्या. पान्हा फेकून मारला असता. लागला असता, चार टाके पडले असते, आणि टाके घालून आपण कचोरी खायला गेलो असतो. एवढंच तर व्हायचं होतं. तू माफीही मागितली नाहीस आणि मला सूडही घेऊ दिला नाहीस. मी ज्या दारावर चार वर्षं धडका मारत होतो ते आतून तू कधीचंच उघडून ठेवलं होतंस, फक्त मला सांगितलं नाहीस.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो. पाठ केलेलं वाक्य आता कोणाला ऐकवू? ज्याला ऐकवायचं त्याला आधीच ठाऊक. "विनय अच्छा कारीगर था," असं म्हणालो आणि खाली आलो. खिशातली बुश मांडीला टोचत होती.

निघताना वहिनींनी थांबवलं. "भाऊजी, ठाकूर साहबची नवी गाडी तशीच हॉइस्टवर लटकून पडली आहे. मागचं ह्यांनी केलं, पुढचं बाकी आहे. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची माझी इच्छा नाही. तुम्ही पूरी करून द्या ना." ठाकूर साहब बाजूलाच उभे होते. "और लकीर आपकी, आपके ही हाथ की," ते म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणून बसलो.

चार वर्षांनी आपल्या वर्कशॉपमध्ये पाय ठेवला. आधी गाडी बघितली. टायर अरुंद, उंच. गाडी उचललेली फक्त दोन इंच, तो टायर मावेल एवढीच. म्हणजे भांडणही तू हरला होतास, आणि हरल्याचंही सांगितलं नव्हतंस. जिंकल्याची मजा एकट्याने कशी घ्यायची असते, सांग ना.

फळीवर तुझ्या रंगाची बाटली होती. शेजारी माझ्या रंगाची. चार वर्षांत वाळून दगड झाली असेल म्हणून हलवून पाहिली, तर नवीकोरी. झाकणाचं सीलही फोडलेलं नव्हतं. तिथल्या कारागिराने सांगितलं, वाळली की तू नवी आणायचास, दर वेळी, आणि कोणाला वापरू द्यायचा नाहीस. तेव्हा मला रडू आलं. लपवण्यात काय अर्थ आहे? तुझ्या स्टुलावर बसून, तुला आईबहिणीवरून शिव्या देत देत, पोटभर रडलो.

मग काम केलं. दीड दिवस लागला. पुढच्या स्प्रिंग बसवल्या, ब्रेकचे पाइप कुठे ताणले जात नाहीत ना ते चाक दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, टायर आत घासत नाही याची खात्री केली. गाडी खाली चाकांवर उतरवली, बंपरवर उभा राहून तिला नीट बसवलं, आणि पाठीवर सरपटत आत गेलो. एकेक बोल्ट कसला. इतकं नीट काम मी आयुष्यात केलेलं नाही, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो. शेवटी रंगाकडे हात नेला. लाल बाटलीचं सील तसंच ठेवलं आणि पिवळी उचलली.

हा माझा सूड आहे, विन्या, नीट ऐक. तू तुझी चूक माझ्या नावावर खपवलीस. मी माझं सर्वांत चांगलं काम तुझ्या नावावर खपवलं. आता ही गाडी जितकी वर्षं त्या काळ्या मातीतून जाईल तितकी वर्षं गौतमपुऱ्यात लोक म्हणतील, काय हात होता विनयचा! आणि जिथे असशील तिथे तुला माहीत असेल की तो हात तुझा नव्हता. आणि खरं सांगायला तुला तोंड नसेल, जसं मला चार वर्षं नव्हतं.

आणि बुश मी टाकलेली नाही. ती परत खिडकीत ठेवली आहे. सुधीरने तुला माफ केलं असं तिकडे कोणी येऊन सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस.

काल सकाळी ठाकूर साहब गाडी न्यायला आले. वहिनी दारात उभ्या होत्या. ठाकूर साहब गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले, मोबाइलचा टॉर्च लावला, आणि वाकलेलेच राहिले. "सुधीर जी," ते म्हणाले, "आगे का तो बाकी था ना?"

ते उठले. त्याच खांबाजवळ उभे राहून, त्याच आवाजात, त्यांनी तेच विचारलं. "किसने कसा?"

भिंतीवर तुझ्या अक्षरातला नियम अगदी माझ्या समोर होता. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. मी त्या खांबाला हात टेकला.

"पीली लकीर है," मी म्हणालो, "तो विनय ने ही कसा है."

आता बघ, कसं वाटतं ते.